सुटा तुकडा

आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या बोळीत आजोबा बसलेले आहेत.

बसलेले म्हणजे मांडी घालून. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. खड्ड्यात बसवतात, विभूती टाकतात, माती लोटतात. आजोबा बसले तेव्हा तिथं तुरीचं शेत होतं. मग लातूर वाढत वाढत आमच्या बांधाला येऊन टेकलं, शेताचे प्लॉट पडले, प्लॉट विकले गेले आणि उरलेल्या एकावर अप्पांनी घर बांधलं. आजोबा जागचे हलले नाहीत, घरच त्यांच्याकडं सरकत गेलं. आता आमची भिंत आणि शेजारच्या रेणुकादास सरांचं कंपाउंड यांच्या मधल्या बोळीत, न्हाणीघराच्या खिडकीसमोर, त्यांचा गुडघ्याएवढा चौथरा आहे. पाहुणे त्यावर हेल्मेट ठेवतात. मग कुणीतरी सांगतं, ते उचला, ते आमचे आजोबा आहेत. पाहुणे हेल्मेट उचलतात आणि चहा न घेता निघायचं बघतात.

आजी त्यांच्या आधी गेली होती. तिला शेताच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीपाशी बसवलं होतं. ते टोक विकलं गेलं आणि तिथं मुलींचं होस्टेल झालं. आजी आता पार्किंगमध्ये आहे. तिच्यावर गाड्या लावू नयेत म्हणून होस्टेलवाल्यानं माणुसकीनं पिवळा चौकोन आखून दिला. चौकोन आखला की लोकांना त्याबद्दल काहीतरी वाटायला लागतं. नीटची तयारी करणाऱ्या मुलींनी आधी चौकशी केली, मग फूल ठेवलं, मग त्यातल्या एकीचा एमबीबीएसला नंबर लागला. तेव्हापासून परीक्षेच्या आदल्या दिवशी आजीपुढं रांग असते. आजी सहीच्या जागी अंगठा उठवायची.

यंदाच्या उन्हाळ्यात भानगड झाली ती आजोबांच्या बाजूला, आणि तीही पाण्यावरून. लातूर म्हटलं की लोकांना रेल्वेनं आणलेलं पाणी आठवतं. त्याच लातुरात आमचं घर पाणी जास्त झालं म्हणून फुटत होतं. स्लॅबवरचं पाणी उतरवायला आमच्याकडं चार पाइप आहेत. ते भिंतीवरून खाली यायचे आणि जमिनीच्या वीतभर वर संपायचे. पुढचं पाण्यानं आपलं आपण बघायचं. पाण्यानं बघितलं. ते पायाशी मुरलं. आमची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि घर तिच्यावर बसलेलं असल्यामुळं घरालाही तिच्याबरोबर हे सगळं करावं लागतं.

आई-अप्पांच्या खोलीच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तडा गेला. अप्पांनी त्यावर कॅलेंडर लावलं. तडा कॅलेंडरच्या खालून बाहेर आला. अप्पांनी मोठं कॅलेंडर आणलं.

पलीकडं रेणुकादास सरांच्या कंपाउंडलाही ओल आली. सर एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. ते येऊन शांतपणे म्हणाले, "तुमच्या छताचं पाणी माझ्या भिंतीत येतं. गुरुत्वाकर्षणामुळं येतं, मी काही वैयक्तिक बोलत नाही. पण यंदा पावसाच्या आत बंदोबस्त करा."

मग लिंबाजी प्लंबर आला. मूळचा कंधारचा. डोक्याला रुमाल, खिशात पेन्सिल, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता पाइपकडं बघायची सवय. लेवल बघायला त्यानं पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक स्वतः धरलं, दुसरं मला दिलं.

"हाललास का रे, हरिओम?"

"नाही."

"मग पानी कसं हाललं?"

"श्वास घेतला असेल."

"घेऊ नको. मी बघून राहिलो ना."

त्याचा बेत सोपा होता. चारही पाइप जमिनीखाली एका लाइनला जोडायचे आणि ती लाइन बोळीतून ढाळ देत रस्त्याच्या नालीपर्यंत न्यायची. दुसरीकडून रस्ताच नव्हता. पूर्वेला शेजाऱ्याच्या भिंतीला आमची भिंत, मागं शोषखड्डा. बोळीत आमच्या भिंतीलगत संडासची जुनी लाइन होती. तिच्या आणि आजोबांच्या मधून नवा पाइप नीट जात होता. पण आजोबांच्या पुढं जुन्या लाइनचं चेंबर मध्येच आलं होतं. तिथं पाइप कंपाउंडकडं वळवावा लागणार, आणि वळला की तो आजोबांच्या अगदी शेजारच्या मोकळ्या जागेतून जाणार.

"तिथून न्हाई," अप्पा म्हणाले.

"मग कुठून?"

"तेवढं सोडून कुठूनबी."

लिंबाजीनं बोळीकडं पाहिलं. बोळीत 'कुठूनबी' नव्हतं.

"अप्पा, म्हातारं चौथऱ्याखाली हाय ना? मी तर बाजूनं चाललोय."

"म्हाताऱ्याला पाय पसरायला जागा लागती."

"बसलेत ना ते?"

"मग? बसून बसून अवघडत न्हाई का मानूस?"

लिंबाजीनं चेंबरला वळसा घालून दाखवायला चार एल्बो जमिनीवर मांडले. दिसायला ते गुदगुल्या झालेल्या सापासारखं दिसत होतं. "एवढी वळनं दिली तर पानी रस्ता इचारत बसंल," तो म्हणाला. "काडीकचरा अडकंल. पुन्हा माझं नाव." अप्पा ऐकेनात. शेवटी असं ठरलं, की आधी सगळा चर खोदून तर घेऊ, त्या जागेपर्यंत आणि त्या जागेतसुद्धा. पाइप कसा जाईल ते मग बघू. खोदायला अप्पांनी हरकत घेतली नाही. उलट म्हणाले, "तिथं जरा रुंद खोद." मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी एका क्लाससाठी प्रश्नपत्रिका बनवतो. बरोबर उत्तर तिथले सर लिहितात, बाकीचे तीन चुकीचे पर्याय मी लिहितो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो तर आई झोपली होती, लिंबाजी पाइप आणायला गंजगोलाईच्या बाजारात गेला होता, आणि अप्पा चरात होते. फक्त डोकं आणि खांदे वर दिसत होते.

"अप्पा! पडलात का?"

"न्हाई. बसलोय."

"कशाला?"

"हुतंय का बघूलालोय."

"काय होतंय का?"

"गुडघे."

मी जवळ जाऊन पाहिलं. अप्पा मांडी घालून, पाठ ताठ करून, डोळे मिटून बसले होते. डावा गुडघा मातीला टेकत होता. उजव्याला अजून थोडी जागा हवी होती. दिवाळीनंतर त्यांच्या छातीत स्प्रिंग बसवली होती, तेव्हापासून ते शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवतात. तिथंही माती लागली होती.

"हरिओम," ते डोळे न उघडता म्हणाले, "मला हितं बसवायचं. बापाशेजारी. तुला सांगून ठिवतो."

घरात विनोद करायचं काम माझ्याकडं आहे. त्यामुळं दुसरं कुणी विनोद करत नसलं की मला लगेच कळतं.

"अप्पा, आता इथं कॉलनी आहे. महापालिका परवानगी देत नाही."

"माज्या घरात मी बसलो तर त्येंचं काय जातंय?"

"तुम्ही बसलात तर काही नाही. आम्ही बसवलं तर."

"कुनी इचारलं तर सांगायचं, पाइपचं काम चालू हाय."

म्हणजे त्यांनी सगळा विचार केला होता. चर का रुंद हवा होता, तेही मला कळलं.

"आपल्या समाजाची जागा आहे की गावाबाहेर," मी म्हणालो. "चांगली आहे म्हणतात."

"तिकडं वळखीचं कोन हाय?"

अप्पांनी उभी हयात डाळ मिलमध्ये मुनिमी केली. मिलच्या खडखडाटात कुणाशी बोलता येत नाही. त्यामुळं त्यांना ओळखी झाल्या नाहीत, आणि मिल सुटल्यावर त्या कशा करायच्या हे त्यांना सुचेना. रोज सकाळी ते अंघोळ करून चौथऱ्यापाशी उभे राहून ओठ हलवतात. मला वाटायचं, जप करतात. त्या दुपारी त्यांनीच सांगितलं, की ते तुरीचा भाव सांगतात. म्हाताऱ्याला तेवढ्यातच गोडी होती.

मी त्यांना काखेत हात घालून वर काढलं. ते वजनानं इतके हलके झालेत हे मला माहीत नव्हतं. मला त्या क्षणी काहीतरी चांगलं गमतीदार बोलायचं होतं, पण बोललो ते एवढंच, "पाय धुवा, आई उठेल."

"तिला सांगू नको," अप्पा म्हणाले. "उगंच रडत बसंल."

लिंबाजीला मात्र सांगावं लागलं. मी त्याला कोपऱ्यावर नेऊन, आवाज खाली करून सांगितलं. तो हसेल, नाहीतर काम सोडून जाईल, असं मला वाटलं होतं. लिंबाजीनं पेन्सिल कानाला घासली आणि विचारलं, "कधीपर्यंत?"

"ते कसं सांगणार?"

"न्हाई, मंजी पाइप टाकायला अडचन न्हाई. अप्पा जाईपर्यंत पाइप जाऊ द्या. अप्पा गेल्यावर पाइप काढून घेऊ. तिथं सुटा तुकडा टाकतो. दोन्हीकडं चिटकवायचं सोल्यूशन लावायचं न्हाई, नुसता रबरी रिंगवर बसवायचा. येळ आली की वडला, बाजूला ठिवला, अप्पाला बसवलं..."

"आणि मग पाणी?"

लिंबाजी विचारात पडला. "मग पुन्हा एल्बो," तो म्हणाला. "त्या टायमाला कोन बघतंय?"

मला हा तोडगा फार आवडला, हे मी लपवत नाही. अप्पांना तर त्याहून आवडला. त्यांनी तो तुकडा स्वतः निवडला. ओळखू यावा म्हणून त्यावर लाल ऑइल पेंटचा पट्टा मारला. मला तो काढून दाखवायला लावला, पुन्हा बसवायला लावला. "आसं फिरवून वडायचं. एकट्याला जमंना झालं तर जावयाला बलीव." बहिणीच्या, ऋतुजाच्या, नवऱ्याला नांदेडहून यायला वेळ लागेल, तेवढा वेळ धरून चालायचं, हेही ठरलं. त्या दोन दिवसांत मी अप्पांना जितकं खुशीत पाहिलं तितकं माझ्या नोकरीच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आई चहा घेऊन बोळीत आली. माझ्या आईचं नाव गुणाबाई. ती कमी बोलते आणि सगळं ऐकते. लिंबाजीनं कप घेतला आणि कामातल्या माणसानं सांगावं तसं सरळ सांगितलं.

"काकू, ह्यो लाल पट्ट्याचा तुकडा कदी चिटकवू देऊ नका बरं का कुनाला. ही अप्पांची जागा हाय."

"कशाची जागा?"

लिंबाजीनं माझ्याकडं पाहिलं. मग त्याला पलीकडं एक नळ दिसला आणि तो तातडीनं तो नळ बघायला गेला. त्या नळाला काही झालं नव्हतं.

आईनं चौथऱ्याकडं पाहिलं, लाल पट्ट्याकडं पाहिलं, रुंद खोदलेल्या चराकडं पाहिलं. ती रडली नाही.

"तुमी हितं," ती अप्पांना म्हणाली.

"हाव."

"मामंजी तिथं."

"हाव."

"आन् मी?"

अप्पांचा कप तोंडाशी थांबला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो, आणि मला स्पष्ट दिसलं, की हा प्रश्न त्यांना आजपर्यंत पडलाच नव्हता. वाईट म्हणजे, मलाही पडला नव्हता. मी आणि लिंबाजीनं रिंग, ढाळ, एल्बो, जावई, सगळ्याचा विचार केला होता.

अप्पांनी आजोबांच्या दुसऱ्या बाजूला नजर टाकली. बराच वेळ टाकली.

"त्या अंगाला शोषखड्डा हाय," ते म्हणाले.

"मग मला शोषखड्ड्यात बसवा."

"तसं न्हाई गं..."

"कसं मग? सासूबाई पार्किंगमंदी, मी शोषखड्ड्यात, आन् तुमी बापलेक हवेशीर."

"अगं, म्या मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतं तर बरं वाटलं असतं. निदान माजी आठवन तरी झाली असती."

तिनं कप गोळा केले, लिंबाजीचा अर्धा प्यालेलाही. आत गेली, पिशवी भरली आणि मला म्हणाली, "मला स्टँडवर सोड. ऋतुजाकडं चाललेय." अप्पा दारात उभे होते. त्यांनी तिला थांब म्हटलं नाही, कारण थांबून करायचं काय, ते त्यांच्याकडं नव्हतं. नांदेडच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर ती मला म्हणाली, "फ्रिजमंदी पीठ हाय. मळलेलं." गाडी सुटली.

चर बुजवला. वरून फरशी टाकायची राहिली. अप्पा सकाळी चौथऱ्यापाशी जायचे, पण ओठ हलेनासे झाले. तुरीचा भाव वाढला होता, तरी.

मग वळीव आला. पत्रे उडवणारा, आमच्याकडं येतो तसला. स्लॅबवरचं पाणी चारही पाइपांतून धाड्‌धाड् खाली उतरलं, लाइनमध्ये शिरलं, आणि रस्त्याच्या नालीत आलं. छत्री नव्हती म्हणून मी डोक्यावर घमेलं धरून नालीपाशी उभा होतो. पलीकडून रेणुकादास सरांनी खिडकीतून अंगठा दाखवला. त्यानंतरचे काही दिवस पाऊस रोज येत राहिला. नालीत येणारं पाणी मात्र रोज थोडं कमी येत होतं. सरांनी अंगठा दाखवणं बंद केलं. ते म्हणाले, "जेवढं वर पडतं तेवढं बाहेर यायला हवं. उरलेलं कुठंतरी असणार."

उरलेलं सुट्या तुकड्याशी होतं. चर रुंद खोदल्यामुळं तिथली माती सैल राहिली होती, ती बसली, तुकडा खचला, रिंग सरकली. सगळ्या छताचं पाणी जमून एका जागी, आई-अप्पांच्या खोलीच्या पायाशी सुटत होतं. आधी ते चार ठिकाणी मुरायचं. आता आम्ही मेहनतीनं ते एका ठिकाणी आणलं होतं.

एका सकाळी अप्पांनी आतून हाक मारली. "हरिओम, दार निघंना."

मी बाहेरून ढकललं. दार चौकटीत गच्च बसलं होतं. वरचा कोपरा दबला होता आणि चौकटीवरून नवा तडा छताकडं गेला होता. पुरतं बोट जाईल एवढा. खिडकीला गज.

"जोर लावू नका," मी ओरडलो. "छातीवर ताण येईल."

"न्हाई लावत. बसतो." खाटेचा आवाज आला. मग म्हणाले, "गोळी बाहीर राहिली रे, सकाळची."

मी गोळी दाराच्या फटीतून आत सरकवली. पाण्याचा ग्लास सरकेना. मग लेवलची नळी सापडली. तिचं एक टोक खिडकीतून आत दिलं आणि बाहेरून तांब्यानं पाणी ओतलं. अप्पांनी नळी तोंडात धरून गोळी गिळली. "पानी पाइपाचं लागतंय," ते म्हणाले. मी बाहेर दुसरा तांब्या भरत होतो, आणि आतला माणूस चवीबद्दल तक्रार करत होता.

लिंबाजीला फोन केला. तो निघाला. मग नांदेडला केला. आईनं उचलला. मी दारापाशी उभा राहून स्पीकर लावला.

"आई, अप्पा खोलीत अडकलेत. भिंत अजून फाटली. अप्पा बरे आहेत, गोळी घेतली. तू ये."

पलीकडं थोडा वेळ नुसता मिक्सरचा आवाज. मग तो बंद झाला.

"कशानं फाटली?"

"सुट्या तुकड्यातून पाणी जातंय पायाशी."

"मग चिटकवा की."

मी फोन दाराच्या आणखी जवळ नेला.

"ऐकूलालेत का ते?" आईनं विचारलं.

"हो."

"त्येंला म्हनावं, माजी काळजी करू नका. जावयानं मला काल हितली आपल्या लोकांची जागा दाखवली. मोकळी हाय. लिंबाचं झाड हाय. ऋतुजा जवळ हाय, आली गेली तर दिवा लावंल. मी हितं बसते. तुमी तिथं बसा बापाजवळ."

ती चिडून बोलत नव्हती, म्हणून मला भीती वाटली. भाड्याची खोली बघून आल्यासारखं सांगत होती.

दाराच्या आतून अप्पांचा आवाज आला. अगदी फटीशी तोंड लावून बोलत असावेत.

"नांदेडला? नांदेडला आपलं कोन हाय?"

"लेक हाय."

"मी न्हाई ना तिथं."

"तुमी लातूरला तरी कुठं होता?"

फोन बंद झाला. चुकून झाला की तिनं केला, कळलं नाही. अप्पा आत खाटेवर बसले. मी बाहेर फरशीवर बसलो. मधे दार. असा अर्धा पाऊण तास गेला असेल. मला लिहून ठेवण्यासारखं काही सुचलं नाही, नाहीतर अशा वेळी सुचतं.

लिंबाजी करवत घेऊन आला आणि दाराची वरची कड कापायला लागला. भुसा आमच्या दोघांच्या केसांत पडत होता.

"लिंबाजी," आतून अप्पा म्हणाले.

"आलो अप्पा, होतंयच बघा."

"दार हुईल. आदी त्यो तुकडा. सोल्यूशन लाव त्याला."

करवत थांबली. लिंबाजीनं पहिल्यांदाच पाइप सोडून माणसाकडं, म्हणजे माझ्याकडं पाहिलं.

"अप्पा, एकदा लावलं की पुन्हा निघायचा न्हाई बरं का तो."

"म्हायती हाय. लाव."

दार निघालं. अप्पा बाहेर आले, सरळ बोळीत गेले. लिंबाजीनं चिखल उपसला, तुकडा काढला, पुसला. चराचा तळ मुरूम टाकून ठोकून घट्ट केला, त्यामुळं गुडघ्यांची जागा गेली. मग दोन्ही टोकांना ब्रशनं सोल्यूशन लावलं, बसवलं आणि दाबून धरलं. अप्पाही खाली वाकून त्याच्या हातावर हात ठेवून दाबत राहिले. सोल्यूशनचा वास नाकात गेला की डोळ्यांतून पाणी येतं. आम्हा तिघांच्याही आलं, त्यामुळं कुणाचं कशामुळं, ते विचारायचा प्रश्न आला नाही.

मग अप्पांनी स्वतः फोन लावला. फोनवर ते ओरडून बोलतात, मिलच्या सवयीनं.

"चिटकवला."

"..."

"हाव. मधूनच गेला. सरळ."

"..."

"आता कुठं ते तू आल्यावर बघू. नांदेड लांब पडतं मला."

आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. आधी भिंत बघितली, मग दार, मग बोळ. अप्पांकडं शेवटी. पिशवी खाली न ठेवता म्हणाली, "मग? कुठं?"

सकाळी आम्ही तिघं ऑटोनं समाजाच्या जागेवर गेलो. गावाबाहेर, फाटक, आत बाभळी, सिमेंटचे चौथरे, पलीकडं मोकळी काळी जमीन. फाटकाशी शेषेराव नावाचा राखणदार होता. त्यानं ऑटोत डोकावून पाहिलं.

"मयत कुठाय?"

"आमीच," अप्पा म्हणाले.

शेषेराव एक पाऊल मागं सरकला. मी त्याला समजावून सांगितलं. दोघांना जागा बघायची आहे, आत्ता नको, पण शेजारी शेजारी.

"आसं धरून ठिवता येत न्हाई," तो म्हणाला. "येईल तसा नंबर. एका वळीत."

"मंजी?" आईनं विचारलं.

"मंजी आज एक आला तर त्यो हितं. उद्या दुसरा आला तर त्याच्या बाजूला. कोन का आसना."

"आन् आमाला शेजारी पायजे आसलं तर?"

शेषेरावानं मनापासून विचार केला. माणूस वाईट नव्हता.

"मग लागोपाठ या," तो म्हणाला.

आई वाकून जमिनीचा उतार बघत होती. "पानी साचतं का पावसात?"

"त्या कोपऱ्यात साचतं."

"मग आमाला ह्या अंगाला द्या."

"येईल तसा नंबर, काकू."

परतताना मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. मागं दोघं. मला आरशात ते अर्धे अर्धे दिसत होते. रेल्वे फाटक बंद होतं. अप्पांनी छातीच्या डाव्या बाजूला हात ठेवला होता, दुखतं म्हणून की सवयीनं, ते त्यांना विचारायचं नसतं.

"मी आदी," अप्पा म्हणाले.

"कशावरून?"

"स्प्रिंग माजी हाय."

"मग तुमच्या बाजूला दुसरंच कुनी येऊन बसंल. मी काय दुसऱ्या दिशी येनार हाय का? मला लेकराचं लगीन करायचंय."

"मग तू आदी."

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं.

"आन् मग तुमच्यापतुर जागा कोन राखंल?" आईनं विचारलं.

"मी राखंन."

"कशी?"

"जाऊन बसंन. रोज. डबा घेऊन. कुनाला तिथं येऊ देनार न्हाई."

मी आरशात पाहिलं नाही. ऑटो फाटकाच्या रांगेत उभी होती आणि मालगाडी संपत नव्हती.

"आन् पाऊस आला तर?" आई म्हणाली.

"छत्री घेईन."

"छत्री कुठाय घरात? ती तुमी मिलमंदी इसरून आलात, मिल बंद झाली तरी आनली न्हाई."

"ती मिलमंदी न्हाई. ती तुज्या भावानं नेली."

"माज्या भावाचं नाव काढू नका."

"मग कुनाचं काढू? काळी हुती. लाकडाच्या मुठीची."

"ती त्येनं आनून दिली हुती परत. तुमी घरात नव्हता."

"मग कुठाय?"

मालगाडी गेली, फाटक उघडलं. घर येईपर्यंत छत्रीवरच चाललं होतं.